उतारावरची शाळा

३ डिसेंबर

पप्पा, सलाम.

पुढे काय लिहायचं ते ठरवून बसलेले नाही, तेव्हा पत्र भरकटलं तर सांभाळून घ्या. तुम्हीच म्हणता ना, हिला विहिरीवर पाठवली तर ही नदी बघून येते, आणि घागर रिकामीच.

काल आक्काचा फोन आला होता. आधी रडत नव्हती, म्हणजे जास्तच काळजीचं. म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय, यंदा या घरात नाताळ नाही." मी म्हटलं, घरात नाही तर नाही, देवळात तर असेल. तर म्हणते, प्रभूच्या जन्माचा उतारा वाचायला येणार नाही असंही तुम्ही पाळकसाहेबांना कळवून टाकलंत. मग वाचणार कोण? त्यांचा तो भाचा? तो वाचायला लागला की मेंढपाळांच्या आधी मेंढरं झोपतात.

गिरणी बंद झाल्यापासून तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही म्हणे. भिंतीकडे तोंड करून पडलेले असता, जेवण अर्ध्यावर सोडता आणि बोलणं त्याच्याही आधी. "असंच चाललं तर माणूस हातचा जाईल गं," असं म्हणाली आणि मग मात्र रडली.

"तूच लिही काहीतरी," म्हणाली. मला हसूच आलं. माझं ऐकणार तुम्ही? उन्हाळ्यात मी पिशवी भरत होते तेव्हा दारात उभे राहून काय म्हणालात ते मला पाठ आहे. "या घरातली एक भिंगरी गिरणीत फिरत होती, ती थांबली. आता ही दुसरी तरी थांबू दे." मी थांबले नाही. तेव्हापासून फोन केला की तुम्ही "हं" म्हणता आणि आक्काच्या हातात देता. म्हणून हे पत्र. पत्राला "हं" म्हणता येत नाही. फार तर फाडता येतं.

आता मी कुठे आहे ते. रोपवाटिका सोडली, पेट्रोल पंप सोडला, तंबूतल्या जादूगाराची तिकिटं फाडत होते तेही सोडलं (त्याने मला पेटीत घालून कापायची तयारी दाखवली होती, पगार तोच). सध्या बस स्टँडमागच्या एका लॉजमध्ये चादरी बदलते. लॉज म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तसं काही नाही. तीन मजले, अरुंद जिना, नुसत्या खाटा. एका खाटेचे दोन भाडेकरू. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा येऊन आडवा होतो. संध्याकाळी तो उठतो आणि पहिला पडतो. मधल्या वेळात मी चादर बदलते. गादी कधी गार म्हणून होत नाही. बहुतेक सगळे तुमच्यासारखेच, कुठलं तरी काहीतरी बंद पडलं म्हणून इकडे आलेले.

इथे कोणाला नावाने हाक मारत नाहीत. खाटेचा नंबर आणि पाळी. चार नंबरचा दिवसवाला वेल्डर आहे आणि चार नंबरचा रात्रवाला भट्टीवर असतो, दोघे एकाच कारखान्यात. एकमेकांना त्यांनी अजून पाहिलेलं नाही, पण भांडण कडाक्याचं, आणि ते सगळं माझ्या तोंडून.

"त्याला सांग, उशी पालथी घालत जाऊ नकोस."

"त्याला सांग, उशीला तेल लावून ठेवलंस तर पालथीच घालणार."

"त्याला सांग, माझ्या डोक्यावर केस आहेत म्हणून तेल आहे."

मी हे सगळं इमानदारीने पोचवते. मालकीण म्हणते, तुला पोस्टात नोकरी का नाही मिळाली. सगळे तिला मावशी म्हणतात. तोंडाने फटकळ, पण जिना रोज स्वतः पुसते, कोणाला हात लावू देत नाही.

बघा, पत्र काय होतं आणि कुठे गेलं. पप्पा, उठून बसा. एवढंच लिहायचं होतं.

तुमची (थांबलेली नाही ती) भिंगरी


१० डिसेंबर

पप्पा,

आक्का म्हणाली पत्र उशाशी आहे, पण उघडलेलं नाही. हरकत नाही. हे त्याच्यावर ठेवा. उशी तरी उंच होईल.

ती आणखीही एक म्हणाली. तुम्ही म्हणालात म्हणे, "बरे दिवस आले की करू नाताळ." यावर मला भांडायचं होतं, पण भांडण नीट जुळत नव्हतं. जिन्यात बसून विचार करत होते तेवढ्यात मावशी वरून ओरडली, कारण इथे मोठाच घोळ झालाय.

कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. मागणी नाही म्हणून चोवीस तारखेच्या दुपारपासून नव्या वर्षापर्यंत दोन्ही पाळ्या बंद. सुट्टी! आधी सगळे खूश झाले. रात्रवाल्याने तर शिट्टी मारली. मग पाच नंबरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "अरे, पण झोपायचं कुठे?"

तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. खाटा आहेत तेवढ्याच आणि माणसं दुप्पट. एरवी अर्धं लॉज कामावर असतं म्हणून बाकीचं अर्धं झोपतं. सुट्टी लागली की सगळेच घरी, आणि घर म्हणजे ही एकच खाट. सणाच्या दिवशी इथे पाय टाकायला जागा उरणार नाही, बाकी वर्षभर आहे. हसावं की काय करावं?

मावशीने तेव्हा लॉजवर होते तेवढ्यांना खालच्या पडवीत गोळा केलं. "निम्म्यांनी गावी जा."

"कोणाच्या गावी? तुझ्या?"

"गावी काय तोंड दाखवू? 'आलो बाबा रिकाम्या हाताने' म्हणून?"

"चिठ्ठ्या टाका."

"टाक की! तुझी निघाली तर तू जाशील?"

"मी का जाऊ?"

असं ते चाललं. कोणाचाच आवाज खाली येईना. शेवटी मावशीने हातातली बादली जमिनीवर आपटली आणि माझ्याकडे बोट केलं. "ए, तू ख्रिस्ती ना? मग तो दिवस तुझा. तूच सांग काय करायचं."

मी काय सांगणार, पप्पा? मला चादरी बदलता येतात. मी म्हटलं, "त्या दिवशी आम्ही वाचतो."

"काय वाचता?"

"जन्माची गोष्ट."

"मग ते तरी वाच. निदान तेवढा वेळ एकमेकांची डोकी फोडणार नाहीत."

झालं. आता मला वाचायचंय आणि माझ्याकडे पुस्तकही नाही. तुमचं आहे, काळ्या कापडात बांधलेलं, पण ते मी कसं मागणार. तुमच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलंय, आठवेल वाटतं. चुकलं तर कोणाला कळणार आहे इथे?

भिंगरी


१६ डिसेंबर

पप्पा,

चुकलं. आणि असं चुकलं की मी अजून हसतेय, आणि मधूनच तुमचा रागही येतोय. हे पत्र तरी उघडा. यात तुम्हाला एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कोणाकडे नाही.

काल दुपारी मी आणि मावशी गच्चीत चादरींच्या घड्या घालत होतो. दिवसवाल्या वेल्डरच्या हाताला भाजलं होतं म्हणून तो कामावर नव्हता. त्याच्या खाटेवर रात्रवाला तोंडावर चादर ओढून झोपलेला, म्हणून हा बिचारा गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेला. आणखी दोनतीन असेच उपटसुंभ. मावशी म्हणाली, त्या दिवशीची तुझी गोष्ट आज म्हणून बघ, अडखळतेस का ते कळेल.

मी सुरू केलं. राजाचा हुकूम निघाला, सगळ्यांनी नाव नोंदवायला आपापल्या गावी जायचं. ("नोटीस लागली," वेल्डर म्हणाला.) मग योसेफ आणि मारिया निघाले, ती गरोदर, दिवस भरलेले, लांबचा पल्ला. आणि तिथे पोचले तर उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही.

"हाउसफुल्ल असेल तर तो बिचारा काय करणार?" वेल्डर म्हणाला.

"कोण बिचारा?"

"लॉजवाला."

"लॉजवाला कुठून आला मध्येच? शाळेत जागा नव्हती. उतारशाळेत."

मावशी चादर झटकायची थांबली. "उतारशाळा म्हणजे काय गं?"

"उतारावरची शाळा," मी म्हटलं. त्यात विचारायचं काय?

पप्पा, मग वेल्डर म्हणाला, "बाईला दिवस भरलेत आणि ती शाळेत अ‍ॅडमिशन घ्यायला गेली?" आणि गच्चीवर जो काही हशा पिकला! टाकीमागचा एकजण तर पोट धरून आडवाच झाला, तेवढीच त्याला झोपायला जागा मिळाली.

मावशीने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "अगं बये, पाहुण्याला आपण काय विचारतो? कुठे उतरलात? उतरायची जागा ती उतारशाळा. ही काय, मी चालवते ती!"

मी चादर हातात धरून तशीच उभी. आपल्या गल्लीच्या उताराच्या टोकाला ती पिवळी शाळा होती ना, तीच मला कायम दिसत आलीय. तिचं फाटक, बाहेर योसेफ आणि मारिया, आणि आत मोठ्या बाई मान हलवतायत. सहावीनंतर त्याच मोठ्या बाई तुम्हाला म्हणाल्या होत्या की वरच्या वर्गात हिच्यासाठी जागा नाही. आपण शाळेच्या पायरीवर बसलो होतो. मी रडत होते, नाक तुमच्या सदऱ्याला पुसत होते. आणि तुम्ही म्हणालात, "असू दे बाळा. प्रभूलाही उतारशाळेत जागा नव्हती."

मला केवढं बरं वाटलं होतं त्या दिवशी! आणि नंतरही. जिथे जाईन तिथे कोणीतरी विचारतंच, शिक्षण किती? मी सांगायचे आणि मनात म्हणायचे, प्रभूचं तरी कुठे झालं. बारा वर्षांचा झाल्यावर तो देवळात जाऊन पंडितांमध्ये बसला आणि त्यांना प्रश्न विचारत राहिला, ते तर मला अगदी बरोबर वाटायचं. शाळेत घेतलं नाही, मग काय करेल पोरगं? अशी भीड चेपूनच मी इतकी गावं फिरले. आणि आता कळतंय की ते लॉज होतं.

तर प्रश्न हा. तुम्हाला ठाऊक होतं ना, मी काय समजले ते? तुम्ही मुद्दाम तसं म्हणालात की सहज निघून गेलं तोंडातून? आणि मग इतके नाताळ तुम्ही तो उतारा वाचलात, मी पुढच्या बाकावर बसलेली, तेव्हा एकदाही का नाही सांगितलंत?

बरं, मग मी बाकीची गोष्ट दुरुस्त करून सांगितली. लॉजच्या मालकाने दोघांना दारातून हाकललं आणि ती गोठ्यात गेली, गाईबैलांत. तर सगळे त्या मालकाच्याच बाजूने! मावशी सोडून. तिला मात्र लागलं. "माझ्या दारात अशी बाई आली असती ना, तर मी माझी खोली दिली असती."

"तुझ्या खोलीत आम्हाला कधी डोकावूसुद्धा देत नाहीस, मावशी."

"तुम्हाला दिवस गेलेत का मेल्यांनो?"

उत्तर पाठवा. एका ओळीचं चालेल.

भिंगरी


२२ डिसेंबर

पप्पा,

कार्ड आलं.

मावशीने जिन्यातूनच हाक मारली, "तुझ्या नावाचं काहीतरी आलंय, आणि अक्षर असं की सरकारी वाटतंय." तुमचं अक्षर मी गल्लीच्या टोकावरून ओळखेन. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून, मग मावशीने माझ्या हातातून काढून घेऊन मोठ्याने वाचलं. आता ते सगळ्या लॉजला पाठ आहे. तुम्ही लिहिलंय ते तुम्हालाच परत लिहिते, कारण तुम्ही असं काही लिहिलंत यावर तुमचाही विश्वास बसायला हवा.

"तू तेव्हा रडत होतीस. शब्दाचा अर्थ सांगायची ती वेळ नव्हती. पुढे तू त्याच्या जोरावर चालायला लागलीस, मग सांगवेना. बाकी, गोठ्याचा उल्लेख कुठेही नाही. गव्हाणीचा आहे. गाईबैलांचाही नाही. मालकाने हाकलल्याचा तर मुळीच नाही. मालकच नाही त्यात. जागा नव्हती, इतकंच आहे. पदरचं घालू नये. पप्पा."

आक्का सांगत होती, तिसरं पत्र तुम्ही उघडलंत, वाचलंत, आणि बराच वेळ पडून राहून अचानक उठून बसलात आणि म्हणालात, "गोठा कुठे आहे त्यात? कार्ड आण." आक्का धावत जाऊन घेऊन आली. तिला वाटलं, परत पडायच्या आत. पप्पा, इतके दिवस आम्ही देवाला साकडं घालत होतो, आणि तुम्हाला उठवलं कोणी तर माझ्या चुकलेल्या गोठ्याने. आधी माहीत असतं तर मी नोहाच्या तारवात उंट शिरताना अडकला होता असंही लिहिलं असतं.

पण ते "मालकच नाही त्यात" माझ्या डोक्यातून जाईना. मी खाली जाऊन होते त्यांना सांगितलं. रात्रवाला कामावर निघाला होता, तो थांबला. "म्हणजे कोणी हाकललंच नाही?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग राग कोणावर काढायचा?" असं म्हणाला आणि गेला.

गिरणीवाल्यांना तुम्ही माफ करा असं मी म्हणत नाहीये. त्यांचं नाव तर तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांनी जे केलं ते केलं. मी म्हणतेय ते वेगळंच आहे, आणि मला ते नीट सांगता येणार नाही, पण सांगून बघते. मी चादर बदलताना मावशीचं ते वाक्य घोळवत होते, कुठे उतरलात. आपण देवळात म्हणतो ना, देव खाली उतरला. मला नेहमी वाटायचं, जिना उतरल्यासारखा. वरून खाली. पण पप्पा, उतरणं म्हणजे मुक्कामाला येणंही. तो खाली आला एवढंच नाही, तो उतरला, जसे हे सगळे इथे उतरलेत. पिशवी उशाला घेऊन. जागा आहे का विचारलं, नाही म्हणाले, तरी उतरला. जागा होईपर्यंत थांबला नाही. "बरे दिवस आले की येतो," असं तो म्हणाला असता तर आपण अजून वाटच बघत बसलो असतो.

त्या दिवशी तुमच्याशी भांडण जुळत नव्हतं ना, ते हे होतं.

तर आता माझी मागणी. मी वाचणार नाही. मी वाचलं तर पदरचं घालीन, आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्याला पदरचं लागत नाही. पंचवीसला सकाळी, तुमची देवळाची वेळ असते त्याच वेळेला, मी आक्काच्या फोनवर फोन लावते. तुम्ही वाचा. देवळात नको. घरात नाताळ नाही तर नाही, इथे करू. खाटेवर बसूनच वाचा, भिंतीकडे तोंड करून वाचलंत तरी आम्हाला कुठे दिसणार आहे.

फक्त "हं" म्हणून आक्काकडे देऊ नका.

भिंगरी


२५ डिसेंबर, दुपार

पप्पा,

तिकडून तुम्हाला फक्त आवाज ऐकू येत होता. इकडे काय होतं ते सांगते, घाईत, कारण गाडी आहे. कोणाची ते पुढे येईल.

काल दुपारी कारखाना बंद झाला आणि दिवसपाळीचेही पिशव्या घेऊन जिना चढले. खाटा उचलून भिंतीला उभ्या केल्या, कारण खाटा असल्या की माणसं मावत नव्हती. आडवं व्हायला जागा नाही म्हणून सगळे बसले, पाठीला पाठ लावून. मावशीने स्वतःची खोली उघडून दिली! पाच नंबरचा म्हातारा आणि आणखी तीन वयस्कर आत झोपले आणि ती स्वतः जिन्याच्या पायरीवर बसली. वर म्हणाली, "कोणाला दिवस गेले नसले म्हणून काय झालं."

आणि चार नंबर! खाट उचलायला दोघे एकाच वेळी आले. दोघांचे हात खाटेवर. आधी कोणालाच कळेना.

"तू कोण?"

"मी चार नंबर."

"चार नंबर मी आहे."

मग दोघांनी एकमेकांच्या डोक्याकडे पाहिलं. रात्रवाल्याला टक्कल आहे, पप्पा. वेल्डर म्हणाला, "म्हणून उशी पालथी घालतोस होय!" रात्रवाला म्हणाला, "मला वाटायचं तू पैलवान असशील. गादीला खड्डा केवढा पाडतोस." रात्रभर दोघे पाठीला पाठ लावून बसले आणि तोंडं चालूच. मला निरोप पोचवायचं काम उरलं नाही.

सकाळी फोन पालथ्या बादलीवर ठेवला, मधोमध. आवाज मोठा केला. आक्का म्हणाली, "देते हं." मग तुमचा आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, "हं."

पप्पा, मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता आक्का परत बोलेल. पण तुम्ही खाकरलात. पानं उलटल्याचा आवाज आला. आणि तुम्ही वाचायला लागलात.

इथे एरवी क्षणभर शांतता नसते. कोणीतरी खोकतं, भांडं पडतं, नळावर भांडण असतं. तुम्ही वाचत होतात तेव्हा सगळे खाली बघत होते, बादलीकडेसुद्धा नाही. हुकमाचं आलं तेव्हा दोघातिघांनी माना हलवल्या, जशी ती फाटकावरची नोटीस. आणि मग जागा नव्हती तिथवर आलात, आणि थांबलात.

तुम्ही का थांबलात ते मी आक्काला विचारणार नाही. इकडे नुसता तुमचा श्वास येत होता. वेल्डर कुजबुजला, "लाइन गेली का?" मावशी म्हणाली, "गप बस." मी फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. शेवटी रात्रवाला पुढे वाकून म्हणाला, "आजोबा, आहात ना?"

आणि तुम्ही म्हणालात, "आहे."

मग पुढे वाचलंत. मेंढपाळ आले ते, रानात राहणारे, रातपाळीचे. "आपलीच माणसं," रात्रवाला म्हणाला. शेवटपर्यंत वाचलंत. माझ्या शेजारच्या माणसाने विचारलं, संपलं का, आणि मी हो म्हटलं तर म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. पदरचं घालायचं नाही.

मग ते झालं जे तुम्हीही ऐकलंत, पण मला परत सांगू द्या, कारण त्यावरून पुढचं सगळं आहे. रात्रवाला म्हणाला, "आजोबा, तुमचा आवाज घुमत होता. घर रिकामं आहे काय?"

तुम्ही म्हणालात, "मी आणि थोरली मुलगी."

"दोघंच? मग तुमच्याकडे जागा आहे की!"

आणि तुम्ही हसलात. मी ऐकलं. आईला मातीत ठेवून आल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. हसून म्हणालात, "आहे की."

आता पप्पा, तुम्ही सहज म्हणाला असाल. पण इथे जागेच्या बाबतीत कोणाला थट्टा कळत नाही. फोन ठेवायच्या आत वेल्डर पिशवी शोधत होता. मी म्हटलं, अहो, ते बोलायची पद्धत म्हणून म्हणाले. तर रात्रवाला मला म्हणतो, "पदरचं घालू नकोस. ते 'आहे' म्हणाले."

मग मीच त्यांना आपला पत्ता लिहून दिला.

तेव्हा दुपारच्या गाडीने दोघे निघतायत, चार नंबरचा दिवस आणि चार नंबरची रात्र. नव्या वर्षाला कारखान्याचं फाटक उघडेपर्यंत. फुकट खाणारे नाहीत. वेल्डर म्हणतो, घराला लोखंडी काहीही असेल तर सांगा, फाटक, खिडकी. मी त्याला उंबऱ्यापलीकडचं ते मोडकं फाटक सांगितलंय. ते कसं हवंय ते दाखवायला तुम्हाला बाहेर यावं लागेल, आक्काला त्यातलं कळत नाही.

मी येत नाहीये. मला बघून तुम्ही पुन्हा भिंतीकडे वळला असता. पोटच्या पोरीकडे पाठ करता येते, परक्या माणसाकडे नाही, त्याला निदान पाणी तरी विचारावं लागतं. मी मागाहून येईन. कधी ते विचारू नका. पण येईन, आणि उतरेन.

हे पत्र टपालात टाकत नाहीये, त्यांच्याच हाती देतेय. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा दार तुम्ही उघडलेलं आहे, आणि समोर ज्याचा हात भाजलेला तो वेल्डर, टक्कलवाला तो भट्टीवाला. दोघांनाही आत घ्या. घोरतात दोघेही. उशीवरून भांडले तर भांडू द्या, आता त्यांना सवय झालीय समोरासमोर.

फक्त एक करा, पप्पा. किती दिवसांत दोघांनी हक्काच्या खाटेवर पाठ टेकलेली नाही. एकाला माझी खाट द्या, आणि एकाला आईची.

भिंगरी